सेनापती की मुख्याध्यापक?

मुलांनो, २६ जानेवारीला आपण शाळेच्या पटांगणावर झेंडावंदन करतो. या दिवसाला उर्दूत 'यौम-ए-जम्हूरिया' म्हणतात आणि मराठीत 'प्रजासत्ताक दिन'. तुर्कस्तानातही असा एक दिवस आहे. तो २९ ऑक्टोबरला येतो आणि त्याच्या तुर्की नावात 'जुम्हुरियेत' हा शब्द आहे. हा शब्द तुम्हांला परका वाटणार नाही. तो आणि आपला 'जम्हूरियत' हे सख्खे भाऊच आहेत. 'जम्हूर' म्हणजे सर्वसामान्य लोक. ज्या देशात राजाचा नव्हे, तर सर्वसामान्य लोकांचा अधिकार चालतो, ते प्रजासत्ताक.

तुर्की प्रजासत्ताकाची स्थापना २९ ऑक्टोबर १९२३ रोजी झाली. ते स्थापन करणारे मुस्तफा कमाल हे पेशाने सैनिक होते. जगात अनेक सेनापतींनी लढाया जिंकल्या आणि जिंकून झाल्यावर स्वतःच्या डोक्यावर मुकुट चढवला. कमाल यांनी मात्र मुकुट नाकारला. त्यांचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. १९२८ साली कायसेरी गावी ते एका फळ्यापाशी उभे राहून लोकांना नवी अक्षरे शिकवीत आहेत. त्याच वर्षी २४ नोव्हेंबरला त्यांना 'मुख्याध्यापक' अशा अर्थाची पदवी देण्यात आली. तुर्कस्तानात आजही २४ नोव्हेंबर हा शिक्षक दिन म्हणून पाळला जातो.

मग या माणसाला आपण काय समजावे? सेनापती की मुख्याध्यापक? माझे मत असे आहे की, कमाल यांची खरी थोरवी त्यांच्या तलवारीपेक्षा त्यांच्या फळ्यात आहे. पण त्या फळ्यापाशी त्यांच्या हातून जे राहून गेले, तेही आपण नीट पाहिले पाहिजे. कारण त्याचा संबंध तुमच्याशी, म्हणजे उर्दू शाळेत बसून मराठीचे हे पुस्तक वाचणाऱ्या मुलामुलींशी आहे.

मुस्तफा यांचा जन्म १८८१ साली सलोनिका शहरात झाला. हे शहर तेव्हा उस्मानी साम्राज्यात होते, आज ते ग्रीसमध्ये आहे. त्यांचे वडील अली रझा हे जकात खात्यात नोकरी करीत, पुढे ते लाकडाचा व्यापार करू लागले. आई जुबेदा हानम या धर्मपरायण होत्या. मुलाला मोहल्ल्यातील मकतबात घालावे, असे आईला वाटे. नव्या पद्धतीच्या शाळेत घालावे, असे वडिलांना वाटे. असा वाद आपल्याकडेही घरोघरी चालतो, हे तुम्हांला ठाऊक आहेच. आईच्या समाधानासाठी मुस्तफा आधी मकतबात गेले आणि थोड्याच दिवसांत नव्या शाळेत दाखल झाले. ते लहान असतानाच वडील वारले. पुढे त्यांनी लष्करी शाळेत प्रवेश घेतला. तेथील गणिताच्या शिक्षकांचे नावही मुस्तफाच होते. त्यांनी या हुशार विद्यार्थ्याला 'कमाल' हे दुसरे नाव दिले. कमाल म्हणजे पूर्णत्व. एका शिक्षकाने वर्गात दिलेले हे नाव पुढे साऱ्या जगाने उच्चारले.

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. उस्मानी तुर्क जर्मनीच्या बाजूने लढत होते. हिंदुस्थानावर इंग्रजांचे राज्य असल्यामुळे आपले जवान इंग्रजांच्या बाजूने लढत होते. १९१५ साली गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर मोठी लढाई झाली. तेथे कमाल यांनी इंग्रज आणि त्यांच्या दोस्तांच्या फौजेला थोपवून धरले. एकदा गोळ्याचा तुकडा त्यांच्या छातीवर आदळला, पण तो खिशातील घड्याळावर बसला आणि ते बचावले. त्या किनाऱ्यावर समोरच्या बाजूला हिंदी सैनिकही होते.

या युद्धाचा आपल्या पुणे भागाशीही संबंध आहे. इराकमधील कूत या गावी इंग्रजांच्या ज्या सैन्याला तुर्कांनी वेढले, त्याचे नावच 'पूना डिव्हिजन' असे होते. त्यात मराठा पलटणींचे जवान होते. अन्न संपले, आजार पसरले आणि २९ एप्रिल १९१६ रोजी हे सैन्य शरण गेले. कैदेत अनेकांचे प्राण गेले. कमाल हे कूतच्या लढाईत नव्हते. पण दूरच्या या युद्धात आपल्याकडील शेतकऱ्यांची मुलेही मेली, हे आपण विसरू नये. त्या युद्धात गावातून किती माणसे गेली, याची संख्या कोरलेले दगड पुणे-सातारा भागातील काही गावांत आजही दिसतात.

युद्ध संपले तेव्हा उस्मानी साम्राज्य हरलेले होते. विजयी राष्ट्रांचे सैन्य राजधानी इस्तंबूलमध्ये आले. मे १९१९ मध्ये ग्रीक सैन्य इझमीर बंदरात उतरले. सुलतान जिंकणाऱ्यांच्या हाताखाली दबून गेला होता. अशा वेळी, १९ मे १९१९ रोजी, कमाल काळ्या समुद्रावरील सॅमसून बंदरात उतरले. त्यांना सरकारने पाठवले होते ते सैनिकांची शस्त्रे गोळा करण्यासाठी. त्यांनी त्याच्या उलट काम केले. त्यांनी लोकांना एकत्र केले.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. जुलै १९१९ मध्ये कमाल यांनी लष्करातील पदाचा राजीनामा दिला आणि गणवेश उतरवला. त्यानंतर एर्झुरूम आणि सिवास येथे त्यांनी प्रतिनिधींच्या परिषदा भरवल्या. २३ एप्रिल १९२० रोजी अंकारा येथे राष्ट्रसभा भरली. म्हणजे मोठी लढाई पुढेच होती आणि लोकांची सभा आधी भरली. पुढे राष्ट्रसभेनेच त्यांना सरसेनापती नेमले आणि त्यांनी पुन्हा सैन्याची सूत्रे हाती घेतली. १९२१ साली साकार्या नदीकाठी बावीस दिवस आणि बावीस रात्री लढाई चालली. ऑगस्ट १९२२ च्या अखेरीस ग्रीक सैन्याचा पुरता पराभव झाला आणि ९ सप्टेंबरला तुर्की सैन्य इझमीरमध्ये शिरले. १९२३ साली लोझानचा तह झाला आणि जगाने तुर्कस्तानचे स्वातंत्र्य मान्य केले.

या सर्व घडामोडींकडे मुंबईतील मुसलमान डोळे लावून बसले होते. तुर्की सुलतान हा खलिफाही होता. त्याची सत्ता राखली जावी म्हणून १९१९ साली मुंबईत खिलाफत समिती स्थापन झाली. मियाँ मोहम्मद छोटाणी हे व्यापारी तिचे अध्यक्ष होते. भायखळ्याचे खिलाफत हाऊस आजही उभे आहे आणि ईद-ए-मिलादची मिरवणूक आजही तेथून निघते. महात्मा गांधी आणि अली बंधू यांनी एकत्र येऊन ही चळवळ देशभर नेली. १ ऑगस्ट १९२० रोजी असहकाराची चळवळ सुरू झाली. त्याच दिवशी पहाटे लोकमान्य टिळक मुंबईत वारले. हिंदू आणि मुसलमान एवढ्या मोठ्या संख्येने खांद्याला खांदा लावून उभे राहिले, असे प्रसंग आपल्या इतिहासात फार नाहीत.

गावोगावी वर्गणी गोळा झाली. स्त्रियांनी अंगावरचे दागिने दिले. हा पैसा अंकाऱ्याला कमाल यांच्याकडे गेला. त्यातील उरलेल्या रकमेतून १९२४ साली तुर्कस्तानात 'इश बँक' ही मोठी बँक सुरू झाली. कमाल यांचा विजय झाला, तेव्हा आपल्या लोकांना तो स्वतःचाच विजय वाटला.

आणि मग ३ मार्च १९२४ रोजी बातमी आली की, अंकाऱ्याच्या राष्ट्रसभेने खिलाफतच रद्द केली आहे. त्याच रात्री शेवटचे खलिफा अब्दुलमजीद यांना कुटुंबासह देशाबाहेर पाठवण्यात आले.

आपल्या लोकांना याचा किती धक्का बसला असेल, याची कल्पना करा. ज्या गोष्टीसाठी दागिने दिले, तीच गोष्ट दागिने घेणाऱ्याने मोडून टाकली. अनेकांनी कमाल यांना दगाबाज ठरवले. पण थोडे थांबून विचार केला, तर दुसरी बाजूही दिसते. पुण्यातील आगाखान पॅलेस तुमच्यापैकी काहींनी सहलीत पाहिला असेल. तो बांधणारे सर सुलतान महंमद शाह आगाखान आणि सय्यद अमीर अली यांनी नोव्हेंबर १९२३ मध्ये तुर्की पंतप्रधानांना एक पत्र लिहिले. खलिफाचा मान आणि स्थान राखावे, अशी त्यांची विनंती होती. त्यांचा हेतू चांगला होता. पण ते पत्र अंकाऱ्याला पोहोचण्याआधीच इस्तंबूलच्या वृत्तपत्रांत छापून आले. 'आमच्या देशात काय असावे, हे परदेशी माणसांनी का सांगावे?' असा सवाल तेथे उठला आणि जे टाळण्यासाठी पत्र लिहिले, तेच लवकर घडले.

खलिफांच्या नावाची एक खूण आपल्या मराठवाड्यातही आहे. अब्दुलमजीद यांची मुलगी दुर्रूशेहवार हिचा विवाह १९३१ साली हैदराबादच्या निजामाच्या थोरल्या मुलाशी झाला. मराठवाडा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता. खुलताबादजवळ खलिफांसाठी कबर बांधण्यात आली. पण ते १९४४ साली पॅरिसमध्ये वारले आणि अखेर मदिनेत दफन झाले. खुलताबादची कबर रिकामीच राहिली.

अल्लामा इक्बाल यांच्या कविता तुम्ही उर्दूच्या पुस्तकात वाचता. त्यांनी या प्रश्नावर काय म्हटले, हे पाहण्यासारखे आहे. १९३० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याख्यानांत त्यांनी लिहिले की, खिलाफतीचा अधिकार एका माणसाऐवजी लोकांनी निवडलेल्या सभेकडे असावा, हा तुर्कांचा विचार बरोबर आहे. त्याच इक्बालांनी पुढे आपल्या काव्यात कमाल यांच्यावर टीका केली. युरोपची नक्कल म्हणजे नवे जीवन नव्हे, असे त्यांना वाटत होते. यात काही विसंगती नाही. जे पटले त्याला होकार दिला आणि जे पटले नाही त्याला नकार दिला. कोणत्याही मोठ्या माणसाकडे पाहण्याची हीच योग्य रीत आहे. त्याची आरती ओवाळू नये आणि त्याला शिव्याही देऊ नयेत. त्याचे काम तराजूत घालून पाहावे.

तर आता तराजू हातात घेऊ. प्रथम जमेची बाजू पाहू.

कमाल यांनी सुलतानाच्या प्रजेला नागरिक केले. नागरिकाचा धर्म कोणताही असो, कायद्यापुढे तो इतरांइतकाच, हे तत्त्व त्यांनी आणले. १९२६ साली नवा नागरी कायदा झाला. त्याने एका वेळी एकापेक्षा अधिक बायका करण्यास बंदी घातली आणि स्त्रीलाही घटस्फोट मागण्याचा हक्क दिला. १९३४ साली स्त्रियांना संसदेच्या निवडणुकीत मत देण्याचा आणि निवडून येण्याचा अधिकार मिळाला. फ्रान्ससारख्या देशात स्त्रियांना तो १९४४ साली मिळाला, हे येथे आठवावे. मुला-मुलींसाठी देशभर एकच शिक्षणव्यवस्था आली. १९३७ साली 'धर्मनिरपेक्ष' हा शब्द तुर्की राज्यघटनेत दाखल झाला.

आता त्या फळ्याकडे येऊ. तुर्की भाषा शेकडो वर्षे अरबी लिपीत लिहिली जात होती. तुर्की भाषेत आठ स्वर आहेत आणि अरबी लिपीत ते सगळे दाखवणे अवघड होते. ही अडचण तुम्हांला लगेच कळेल. उर्दूत 'पे' आणि 'लाम' ही दोन अक्षरे लिहिली आणि जेर, जबर, पेश लिहिले नाही, तर तो शब्द 'पुल' आहे की 'पल', हे वाक्यावरूनच ओळखावे लागते. मराठीत मात्र उकार दिला की 'पुल' आणि न दिला की 'पल'. जाणत्या वाचकाला उर्दूची ही अडचण जाणवत नाही. पण जो प्रौढपणी प्रथमच अक्षर गिरवतो, त्याला ती जाणवते. त्या काळी तुर्कस्तानात शंभरात साधारण दहा माणसांनाच लिहिता-वाचता येत होते.

१ नोव्हेंबर १९२८ रोजी कायदा झाला आणि तुर्की भाषेसाठी २९ अक्षरांची नवी रोमन वर्णमाला आली. हा बदल अनेक वर्षांत हळूहळू करावा, असे काही जाणकार म्हणत होते. कमाल यांचे म्हणणे असे की, तीन महिन्यांत झाला तर होईल, नाहीतर होणारच नाही. १ जानेवारी १९२९ पासून सर्व पुस्तके नव्या लिपीत छापणे सक्तीचे झाले. प्रौढांसाठी 'राष्ट्रशाळा' उघडल्या. शेतकरी, दुकानदार, गृहिणी पाटी-पेन्सिल घेऊन बसू लागल्या. काही वर्षांतच साक्षरांचे प्रमाण जवळजवळ दुप्पट झाले. लढाई जिंकणारा माणूस खडू हातात घेऊन गावोगाव फिरला, याबद्दल एक शिक्षक म्हणून मला त्यांचा फार आदर वाटतो.

पण तराजूला दुसरे पारडेही असते.

नवी पिढी नवी लिपी शिकली आणि जुनी लिपी विसरली. आजोबांनी लिहिलेले पत्र नातवाला वाचता येईना. घरातील कुराणाच्या शेजारी ठेवलेला कवितासंग्रह, दुकानाची जुनी वही, कबरीवरील दोन ओळी, हे सगळे त्याच्यासाठी मुके झाले. १९३२ साली भाषेतून अरबी आणि फारसी शब्द काढून टाकण्यासाठी संस्थाही स्थापन झाली. नवी अक्षरे देणे चांगलेच होते. पण नवे देण्यासाठी जुने काढून घेणे आवश्यक होते का? माझ्या मते नव्हते.

दुसरे असे की, हे सारे हुकुमाने झाले. १९२५ साली तुर्की टोपी घालण्यास बंदी झाली आणि विरोध करणाऱ्यांपैकी काहींना फाशी झाली. त्याच वर्षी विरोधी पक्ष बंद करण्यात आला. १९३० साली आणखी एक पक्ष निघाला, तोही काही महिन्यांतच मिटला. कुर्दी लोकांचे बंड मोडून काढले आणि त्यांच्या भाषेला शाळेत जागा मिळाली नाही. १९३२ पासून अजानही तुर्की भाषेत देण्याची सक्ती झाली. ती १९५० साली, कमाल यांच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी, उठली. कमाल यांनी राज्यातून सुलतान काढला, पण हुकूम काढला नाही. याचे फळ पुढे तुर्कस्तानला भोगावे लागले. स्वतः गणवेश उतरवणाऱ्या कमाल यांचेच नाव घेऊन १९६० आणि १९८० साली तुर्की लष्कराने लोकांनी निवडलेले सरकार उलथून टाकले.

आता आपल्या देशाकडे पाहा. आपले धर्मनिरपेक्ष प्रजासत्ताक कोणा सेनापतीने स्थापन केले नाही. त्याची घटना लिहिणाऱ्या मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. त्यांचे वडील रामजी सुभेदार हे लष्करात होते आणि लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. पण मुलाने हाती घेतली ती लेखणी आणि कायद्याची पुस्तके. घटना समितीत जवळजवळ तीन वर्षे चर्चा चालली. भांडणे झाली, दुरुस्त्या आल्या, मते घेतली गेली. हे काम संथ होते. पण ज्याने वाद घातला, तोही शेवटी त्या घटनेचा मालक झाला. स्त्रियांना पहिल्याच निवडणुकीपासून मत मिळाले.

आपल्या भोरचेच उदाहरण घ्या. भोर हे पंतसचिवांचे संस्थान होते. त्यांचा राजवाडा भोर गावात आजही उभा आहे. ८ मार्च १९४८ रोजी हे संस्थान भारतात विलीन झाले. राजाची प्रजा होती ती नागरिक झाली आणि त्यासाठी येथे लढाई करावी लागली नाही.

या 'पंतसचिव' नावातही आपल्या विषयाचा एक धडा आहे. नसरापूरवरून जी वाट वेल्ह्याकडे जाते, ती राजगडाकडेही नेते. राजगड ही शिवाजी महाराजांची पहिली राजधानी. महाराज राजे होते, त्यांचा काळ प्रजासत्ताकाचा नव्हता. पण राज्याची भाषा कोणती असावी, हा प्रश्न त्यांच्यापुढेही होता. दरबारात फारसी शब्दांचा भरणा होता. १६७४ साली राज्याभिषेक झाला आणि 'सुरनीस' याला 'सचिव', 'मुजुमदार' याला 'अमात्य', 'वाकनीस' याला 'मंत्री' अशी नावे मिळाली. फारसी शब्दांना पर्याय देणारा 'राज्यव्यवहारकोश' महाराजांच्या आज्ञेने तयार झाला.

मग पुढे काय झाले? 'सचिव' आणि 'मंत्री' हे शब्द आज रोजच्या वर्तमानपत्रात असतात. पण त्या सचिवाकडे आपण जो पाठवतो, तो 'अर्ज' असतो. तो 'कागदा'वर लिहितात. त्यावर 'हुकूम' निघतो. आपण 'जमीन' कसतो, 'बाजारा'त जातो, 'दुकाना'तून 'साबण' आणतो आणि राजगडाला 'किल्ला' म्हणतो. इतकेच काय, 'तोफ' आणि 'चाकू' हे शब्द तर मूळ तुर्कीच आहेत. 'उर्दू' हा शब्दही तुर्की आहे आणि तुर्की भाषेत आजही त्याचा अर्थ 'सैन्य' असा होतो. नवे शब्द आले, जुने शब्द राहिले आणि मराठी दोघांमुळे मोठी झाली. कोणता शब्द ठेवायचा, हे शेवटी बाजारात, शेतात आणि घरात बोलणाऱ्या माणसांनी ठरवले.

आपल्या राज्यघटनेनेही हाच मार्ग धरला. आपली भाषा, लिपी आणि संस्कृती जपण्याचा हक्क कलम २९ ने प्रत्येक समाजाला दिला. अल्पसंख्याकांना आपल्या शाळा काढण्याचा हक्क कलम ३० ने दिला. घटनेच्या आठव्या परिशिष्टात मराठी आहे आणि उर्दूही आहे. तुमची ही उर्दू शाळा कोणाच्या मेहेरबानीने चालत नाही, ती घटनेच्या आधाराने चालते.

तरीही काही पालक मला विचारतात, "सर, उर्दू शिकून मुलाला काय मिळणार?" काही विद्यार्थी विचारतात, "सर, आम्हांला मराठी कशाला?" हे दोन्ही प्रश्न एकाच चुकीच्या समजुतीतून येतात. डोक्यात एकच लिपी मावते, दुसरी आली की पहिली बाहेर जाते, ही ती समजूत. महाराष्ट्रात २०२० साली सर्व शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा झाला. तो योग्यच आहे. पण कमाल यांच्या गोष्टीवरून आपण हेही शिकलो की, कायदा पुस्तक बाकावर आणून ठेवतो, ते वाचण्याची इच्छा आपली आपणच आणावी लागते. आणि त्या तुर्की मुलांवर जी पाळी आली, ती तुमच्यावर आलेली नाही. नवी अक्षरे शिकताना तुमची जुनी अक्षरे कोणी काढून घेतलेली नाहीत.

मराठी न येणाऱ्याचे काय होते, ते पाहा. तलाठ्याकडे सातबारा काढायचा, दवाखान्यातील सूचना वाचायची, एसटीची पाटी पाहायची, ग्रामसभेत पाण्यासाठी दोन शब्द बोलायचे, या प्रत्येक वेळी त्याला दुसऱ्याचे तोंड पाहावे लागते. ज्याला स्वतःचा अर्ज स्वतः लिहिता येत नाही, तो मत देतो खरा, पण अर्धाच नागरिक राहतो. आणि ज्याला आपल्या आजोबांचे पत्र वाचता येत नाही, त्याचेही मोठे नुकसान होते. ते नुकसान पैशांत मोजता येत नाही, एवढेच.

तुम्ही उजवीकडून डावीकडे लिहिता आणि तास बदलला की डावीकडून उजवीकडे लिहिता. हे साधे काम नव्हे. आपल्या वर्गात एकाच दप्तरात दोन लिप्या सुखाने राहतात. अंकाऱ्याच्या त्या थोर मुख्याध्यापकाला जे जमले नाही, किंवा जे त्यांनी करायचे मानले नाही, ते तुम्ही रोज करता.

म्हणून कमाल यांच्याकडून एवढे घ्यावे : देश स्वतंत्र झाला की काम संपत नाही, तेव्हा खडू हातात घ्यावा लागतो; आणि अक्षर हे श्रीमंतासाठी असते तसेच शेतकऱ्यासाठी, मुलासाठी असते तसेच मुलीसाठी. आणि त्यांच्या उणिवेवरून एवढे शिकावे : चांगली गोष्टही लोकांच्या संमतीने यावी. उद्या तुमच्यापैकी कोणी शिक्षक होईल, कोणी सरपंच होईल, कोणी सैन्यातही जाईल. हुकूम देण्याची वेळ आली, तर आधी समोरच्याचे म्हणणे ऐकून घ्या. तोवर दोन्ही वह्या नेटक्या ठेवा आणि घरी आजोबांची जुनी पत्रे असतील, तर ती या सुट्टीत त्यांच्या शेजारी बसून वाचा. मग त्यातील एक मराठीत लिहून आणा.